बारावी खुर्ची

“बाराही जणांचे पाय आधी बघून घ्यायचे हं. फादरांच्या हाताला मळ लागता कामा नये.” चर्चची जुनी सेविका काम सोडताना एवढंच सांगून गेली होती. मुलांना बायबल शिकवते म्हणून जिला सगळे टीचर म्हणतात, त्या तिच्या जागी आलेल्या बाईने ते वीस वर्षं उपासासारखं पाळलं.

यंदाच्या पवित्र गुरुवारीही वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आता फादर बारा जणांचे धुणार होते. निवडलेले सगळे घरूनच टाचा घासून, नखं कापून आले होते. शिंपी टीचरच्या कानाशी लागला, “लग्नातसुद्धा माझे पाय एवढे चकचकीत नव्हते हो. बायको म्हणते, आता दर आठवड्याला नाव द्या.”

टीचर हसली, पण तिचा जीव बाराव्या खुर्चीत अडकला होता. तिथे बसायचे ते पोस्टमास्तर ऐनवेळी आजारी पडले होते. फादरांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. “त्यांना बोलवा.”

बाकावर रस्ते झाडणारी मावशी होती. कामावरून थेट आलेली. टीचरने तिचे पाय पाहिले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “मावशी, आज तुम्ही पुढे बसायचं. फक्त आधी मागच्या नळावर पाय धुऊन या. नीट.”

“मी?” मावशीचा चेहरा उजळला. “आलेच!” बाजूच्या दाराने ती पळालीच.

फादर गुडघ्यांवर सरकत एकेकाचे पाय धुऊ लागले. टीचर टॉवेल पुढे करत होती. अकरा जण झाले. घंगाळातलं पाणी प्यावं इतकं नितळ होतं. बारावी खुर्ची रिकामीच.

“त्या कुठे गेल्या?” फादरांनी हळूच विचारलं.

“पाय धुवायला पाठवलंय मी.”

बोलली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. फादर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते रिकाम्या खुर्चीपुढे गुडघे टेकून राहिले.

“मी आणते त्यांना, फादर.”

नळाशी मावशी विटेच्या तुकड्याने टाच घासत बसली होती. फरशीवरून लालसर पाणी वाहत होतं.

“मळ केव्हाच गेला हो, टीचर. ह्या भेगांतलं काळं तेवढं निघेना. दोनच मिनिटं.”

टीचरने वीट काढून घेतली. “पुरे, मावशी. रक्त येतंय. चुकलं माझं.”

“तुमचं काय चुकलं? माझ्यापायी फादरांसमोर तुमची मान खाली जायला नको.”

टीचरची मान खालीच होती. “फादर थांबलेत.”

“कोणासाठी?”

“तुमच्यासाठी.”

मावशीने ओले पाय पोटाशी ओढून घेतले. “अगं बाई! मग बाजूच्या दाराने गुपचूप घुसू या. नाहीतर सगळे वळून बघतील.”

“बघू देत.”

टीचरने तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि ती मोठ्या दाराकडे वळली. मावशीला टाच टेकवत नव्हती. टीचरही मग हळूहळूच चालू लागली.