भरवसा

"बॅकअपलाही कुलूप? आमच्यावर भरवसा नाही वाटतं?" रक्तपेढीच्या सामंतसरांनी चिडवलं.

"कुणावरच नाही, सर." पेढीचे संगणक सांभाळणाऱ्या शर्वाणीनं हसत सेटिंग पक्कं केलं. आता क्लाउडवरचा बॅकअप महिनाभर कुणालाच पुसता येणार नव्हता.

सोमवारी भर गर्दीत पडद्यावरून सगळे रक्तदाते गायब झाले. मुलीसाठी दुर्मीळ गटाचं रक्त शोधत आलेला बाप खिडकीशी थिजला. शर्वाणीनं घाईनं तपासलं. सरावाची प्रत समजून तिनं खरा डेटाबेसच पुसला होता, बॅकअपसकट पुसायला सांगितलं होतं. पण कुलपानं तिचंही ऐकलं नव्हतं.

"बसा दादा, चहा घ्या," म्हणत तिनं बॅकअप परत आणायला घेतला.

चहा निवायच्या आत नावं परतली, दात्याला फोनही गेला.

"पण पुसलं कुणी?" सर गरजले.

"मीच. म्हटलं होतं ना, भरवसा कुणावरच नाही."