जॉम-ने आजींचा बाप्तिस्मा

"बाप्तिस्मा न घेतलेल्याला स्वर्गात घेतच नाहीत, हे नक्की ना गं?"

जॉम-ने आजींनी पुन्हा तेच विचारलं. मि-रान त्यांची नखं कापत होती. जॉन्जू शहरातल्या या वृद्धाश्रमात ती इतकी वर्षं परिचारिका, पण देवाधर्माचं काही विचारलं की ती गडबडून जाई.

"असं म्हणतात खरं," ती म्हणाली. आजींनी समाधानानं मान डोलावली आणि भोपळ्याची पेज चाटूनपुसून संपवली.

काल मात्र "कोण जाणे, आजी" एवढंच म्हटलं, तर त्यांनी दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मि-रानला काही उमगेना. आजी जन्मभर बुद्धाच्या देवळात जाणाऱ्या. मनगटात अजून जपमाळ. नवरा जाऊन तीस वर्षं झाली, तरी त्याच्या श्राद्धाचं ताट कधी चुकलं नाही. वाफवलेला मासा, नासपती, दारूचा पेला, सगळं साग्रसंगीत. आणि आता या वयात बाप्तिस्म्याचा हट्ट. बिचाऱ्या नवऱ्याच्याच काळजीत असणार, तो बाप्तिस्मा न घेताच गेला, स्वर्गाबाहेर राहील म्हणून झुरतायत, असा तिनं अर्थ लावला. तिला फार वाईट वाटलं. रविवारी बाप्तिस्मा द्यायला नाम नावाचे पाळक आले, तेव्हा तिनं त्यांना दारातच गाठून सांगितलं, "आजींना जरा धीर द्या."

पाळक मनानं मऊ माणूस. आजींच्या डोक्यावर पाणी शिंपडण्याआधी ते थांबले.

"आई, यजमानांची चिंता सोडा. बाप्तिस्मा नसला म्हणून काय झालं? देवाची दया मोठी आहे. ते पोचलेही असतील. दारातच उभे असतील तुमची वाट बघत."

आजींनी झटकन डोकं मागे घेतलं. गळ्याभोवतीचा टॉवेल काढून पाळकांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पाळक ओशाळून निघून गेले. मि-रान पलंगाच्या काठावर टेकली. तिला अगदी रडू येईल असं झालं होतं.

"आजी, भेटतील ना ते तुम्हाला. चांगलंच नाही का?"

"चाळीस वर्षं मार खाल्ला त्याचा," आजी भिंतीशीच बोलल्या. "दर वर्षी पोटभर वाढत होते, ते त्यानं भुकेपोटी पुन्हा घराची वाट धरू नये म्हणून."

आजींनी हळूच कूस बदलली आणि तिचा हात धरला.

"पोरी, याच्याहून जरा कडक देव आहे का गं तुझ्या ओळखीत?"