पाया उघडला तेव्हा

“एवढं खणायची काय गरज होती? दाराला रंधा मारून भागलं असतं,” सासरे माझ्या कानाशी कुरकुरले.

न्हाणीचं दार दर पावसाळ्यात अडकायचं आणि ते सुताराला बोलवायचे. तासून तासून ते इतकं बारीक झालंय की उन्हाळ्यात फटीतून आत कोण आहे ते कळतं. यंदा भिंतीच्या भेगेत माझा हात गेला, तेव्हा नवऱ्यानं पाया उघडायला लावला.

आजवर सुताराला, शेजारच्या बोअरला आणि माझ्या केळीलाही दोष देऊन झाला होता. सासऱ्यांना कुणी काही म्हणत नसे. चाळीस वर्षं गावाची घरं त्यांनी बांधली; हेही त्यांनीच बांधलेलं.

खड्ड्यात मल्लेशी मिस्त्री उतरला होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. “अण्णा, मुरूम पाच फुटांवर लागला,” तो म्हणाला. “आणि आपला जुना पाया...” तो टेप गुंडाळत बसला. नवरा आभाळ बघायला लागला. मी चहा कुणाकुणाला हवा ते विचारलं.

“तीन फुटांवरच थांबलाय,” सासरे म्हणाले. “काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर पाया भरू नये, हे मीच याला शिकवलं.” मग माझ्याकडे वळले. “पण लग्नाची तारीख तोंडावर आली होती, पोरी. तू नव्या घराच्या उंबऱ्यावर माप ओलांडावंस, एवढी हौस होती. म्हणून मुरूम लागायच्या आधीच मी दगड टाकून मोकळा झालो.”