मोकळी केलेली जागा

बायको दर रविवारी घरच्या कॉम्प्युटरवरचं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायची. ती गेल्यावर ते काम जावयाने मोठ्या हौसेने अंगावर घेतलं. परवा कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचाच. मी म्हटलं, "डिस्क लावा." तिचं गाणं, तिचं हसणं, माझ्यावर खेकसणं, सगळं डिस्कवरच्या व्हिडिओंत होतं. जावई चुळबुळ करू लागला. "बाबा, डिस्क भरली होती. आईंचे व्हिडिओ कॉम्प्युटरवर होतेच, म्हणून हिच्यातले उडवले." "आणि त्या जागी काय भरलंत?" लेक पुटपुटली, "यांचे मारामारीचे सिनेमे." "वा जावईबापू! सासूला हाकलून गुंड आणून बसवलेत!" "चिडू नका हो. उद्याच नवी डिस्क आणतो, हिच्या दुप्पट जागेची." मी त्याचे बूट उचलून दाराबाहेर ठेवले. "आणा, जरूर आणा. आणि येताना त्या डिस्कमध्ये भरायला तुमच्या सासूबाईंनाही घेऊन या."