गळ्यातला कोन

तिसऱ्यांदा उसवलेले टाके पुन्हा घालताना डॉक्टरीणबाईंचा संयम सुटला. “कुत्र्यानं जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला होता ना? काढतं कोण तो?” सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. “सांगून सांगून थकले मी. माझी पाठ वळली की काढतात.” “बिचारा भिंतीवर आपटतो, रडतो,” सासरे पुटपुटले. “मला नाही बघवत.” “मग बघू नका. जखम चिघळली तर काय कराल?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “माझ्या ऑपरेशननंतर माझे हात खाटेला बांधायला हिनंच सांगितलं,” ते म्हणाले. “नळ्या उपसायचो म्हणून. किती विनवलं, सोडले नाहीत.” सून खाली बघू लागली. डॉक्टरीणबाईंचा आवाज मात्र उतरला नाही. “म्हणूनच आज इथं उभे आहात, आजोबा.” सासऱ्यांनी कोन उचलला, कुत्र्याच्या गळ्यात बसवला. “धर माझ्यावर राग,” ते त्याला म्हणाले. “हिनंही माझा सोसलाच की.”