दीड किलो

पार्सल ऑफिसच्या काट्यावर म्हाळू उभा राहिला, तशी तबकडीवरची सुई पंचावन्नला जराही न थांबता पुढे गेली. साडेछप्पनवर स्थिर झाली.

"उतर," वजनं घेणारे हौसराव सर म्हणाले. "दीड किलो जादा. कुमार गटाला पंचावन्नची मर्यादा आहे. पुढचा, ये."

म्हाळू उतरला नाही. त्याने मामाकडे पाहिलं. मामाने काट्याकडे पाहिलं.

जिल्ह्याचा कुमार कबड्डी संघ आज दौंड स्टेशनाशेजारच्या मैदानावर निवडायचा होता. संघात घुसलेलं पोरगं रेल्वेत चिकटतंच, असं सगळं केंदूर गाव सांगत होतं. म्हणून कोंडिबा भाच्याला घेऊन पहाटेच्या एसटीने निघाला होता.

"काटा बिघाडलाय, सर," तो म्हणाला. "परवाच्या बाजारी आडत्याकडं तोलून आनलाय पोरगा. चोपन भरला. एक किलो जागा शिल्लक हाय म्हनून काल मटान घातलं त्याला."

"कुठल्या काट्यावर तोललात?"

"आमचा कांदा तोलत्यात, त्या."

पार्सलबाबू पावत्या फाडायचा थांबला. "मामा, त्या काट्यावर हत्ती उभा केला तरी शेळीच भरंल."

हे कोंडिबाला ठाऊक होतं. दर बाजारी कांद्याची पाटी उतरली की तो आडत्याच्या सात पिढ्या उद्धरत असे. पण भाचा काही कांदा नव्हता. त्यामुळे त्याच्या बाबतीत आडत्या खोटं बोलेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

निवड समितीचे अध्यक्ष बापूसाहेब खुर्चीत बसून भजी खात होते. त्यांना खेळाडूंबद्दल फार माया होती. "सामनं सुरू व्हायला टाइम हाय, पाव्हणं," ते म्हणाले. "जावा, उतरवा दीड किलो."

कोंडिबाने आपली घोंगडी पोराला गुंडाळली आणि मालधक्क्याभोवती पळायला लावलं. ऊन चढलेलं. रुळावर कोळशाचं इंजिन उगाच वाफ सोडत उभं, आणि त्याच्या पुढून म्हाळू तशीच वाफ सोडत जात होता. कोंडिबाला बसवेना. तो चार पावलं पोराबरोबर पळायचा, थांबायचा, परत पळायचा.

"थुक. थुकीलाबी वजन असतंय."

"तोंडात थुकीच न्हाई राहिली, मामा."

"मग टोपी काढ."

एवढ्यावरही भागेना, तेव्हा स्टेशनबाहेरच्या न्हाव्याकडे नेऊन पोराचं डोकं गुळगुळीत केलं. हिप्पी म्हणून गावभर मिरवलेले केस खाली पडले. दर फेरीला म्हाळू काट्यावर चढत होता, उतरत होता. शेवटी पार्सलबाबू ओरडला, "आरं, रेल्वेचा काटा हाय ह्यो. देवळातली घंटा न्हाई, येता-जाता वाजवायला!"

सामने लागायच्या बेतात सुई एकदाची पंचावन्नच्या रेघेवर टेकली. टेकून थरथरत राहिली. खाली पोराचे पायही थरथरत होते, त्यामुळे कोण कुणाला हलवतंय ते कळत नव्हतं.

"पास," हौसराव सर म्हणाले.

म्हाळूची पहिली चढाई अशी झाली, की बापूसाहेबांचा भजी धरलेला हात वाटेतच थांबला. उजवीकडे झुकांडी, डावीकडे लाथ, दोन गडी बाद, आणि पोरगा मध्यरेषेच्या अलीकडे. "कुनाचं रं हे बेणं?" बापूसाहेब म्हणाले.

कोंडिबाने पुढे होऊन रामराम घातला.

दुसऱ्या चढाईला म्हाळू 'कबड्डी कबड्डी' म्हणत गेला. तिसरी कबड्डी अर्ध्यावर राहिली. कुणी पकड केली नाही, कुणी बोटसुद्धा लावलं नाही. तो मधोमध आपला आपणच खाली बसला. समोरचे उरलेले पाच गडी हात पसरून त्याच्याकडे बघत राहिले. बसलेल्याला धरायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पाय हाय. नजर हाय," बापूसाहेब म्हणाले. "दम न्हाई."

"साहेब, सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नाही," हौसराव सर हळूच म्हणाले. "खाऊन खेळला तर..."

"खाल्लं तर जादा भरतंय. न खाल्लं तर पडतंय. आता तुमीच सांगा सर, आसल्या पोराला घ्यायचं कुठं?"

बशीत एक तळलेली मिरची उरली होती, तिच्याकडे सर बघत राहिले.

"राखीवमधीबी नको," बापूसाहेब उठले. जाता जाता त्यांनी कोंडिबाच्या खांद्यावर आपुलकीने हात ठेवला. "पाव्हणं, पोराला खायला घालत जावा जरा. थोडी उमेद हाय त्याच्यात."

कोंडिबाने भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली. म्हाळूने आधी नळाला तोंड लावलं, ते पोट टम्म होईपर्यंत काढलं नाही. मग हातात भाकरी घेतली आणि कुणी न सांगता परत जाऊन काट्यावर उभा राहिला. उभ्या उभ्या खाऊ लागला.

"आता कशापायी रं?" पार्सलबाबूने विचारलं.

म्हाळूचं तोंड भरलेलं होतं. भाकरी हातात असो नाहीतर पोटात, सुईला त्याचं काही नव्हतं. ती पंचावन्न ओलांडून निवांत उभी होती.

कोंडिबा तिच्याकडे बघत उकिडवा बसला. मग मान न वळवता म्हणाला,

"बाबू, हितं कांदा तोलून देता का हो?"