एकमताने

पुतणीने, मालविकाने, इतिहासात एम.ए. करायचं ठरवलं तेव्हा रघुनाथरावांनी धाकट्या भावाला भरपूर ऐकवलं होतं. त्यांचा स्वतःचा अभिषेक इंजिनिअर होता.

काल कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'परधर्मीयांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही' असा ठराव आला आणि भराभर हात वर गेले. मालविका तेवढी उठून उभी राहिली. "आमचे पणजोबा साताऱ्याहून बडोद्याला आले, तेव्हा परका माणूस म्हणून त्यांना कोणी घरच दिलं नसतं तर?"

एकेक हात खाली आला. सगळे भावाकडे कौतुकाने बघायला लागले, तसा रघुनाथरावांचा जळफळाट झाला. आता आपल्या लेकानेही काहीतरी बोलावं, म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं.

 

अभिषेकचा हात अजून वरच होता. मोबाईलमधून डोकं न काढता त्याने विचारलं, "बाबा, ठराव कशाचा आहे?"